उसण भरली, गॅस झाला, की आणखी काही? तरुण मुलामुलींच्या छातीतलं दुखणं वेळेत ओळखण्यासाठी

एकोणीस वर्षांचा मुलगा, पोलीस भरतीची तयारी करणारा. वडील सोबत आले होते आणि बोलायला तेच पुढे होते. "साहेब, याला उसण भरलीय. पायाळू बाईचा पाय लावून घेतला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच." मुलाने उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. "श्वास घेतला की इथं चमक निघायली, सर." तीन आठवड्यांत तीन वेळा ईसीजी निघालेला, तिन्ही वेळा नॉर्मल. गॅसची दोन इंजेक्शनं झाली होती आणि तापाच्या गोळ्या चालू होत्या. उठता उठता तो सहज म्हणाला, "तसं आता चार दिवसांपासून दुखणं थांबलंय. फक्त जिना चढताना दम लागायलाय."

त्याला परत खाली बसवलं ते या शेवटच्या वाक्यामुळे.

फुप्फुसावर दोन पातळ पडदे असतात. त्यांना सूज आली की श्वासागणिक ते एकमेकांवर घासतात आणि चमक निघते. मग दोन्हींच्या मध्ये पाणी साचायला लागतं, पडदे दूर होतात, घासणं थांबतं आणि दुखणंही थांबतं. घरच्यांना वाटतं, बरा झाला. खरं तर पाण्याने फुप्फुस दाबायला सुरुवात केलेली असते. टँकरच्या दिवसांत ड्रममध्ये पाणी कुठवर आहे हे आपण बाहेरून बोटाने वाजवून बघतो, तशी त्याची पाठ वरून खाली वाजवत गेलो. डावीकडे शेवटपर्यंत पोकळ आवाज. उजवीकडे खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापासून एकदम ठस्स. एक्स-रेमध्ये छातीचा उजवा निम्मा भाग पांढरा दिसला. सुईने काढलेलं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळसर होतं आणि तपासणीत निघाला फुप्फुसाच्या आवरणाचा क्षयरोग. सहा महिन्यांची औषधं घेऊन तो ठणठणीत झाला. तीन आठवडे मात्र फुकट गेले होते, आणि त्या तीन आठवड्यांत तो रोज पहाटे पळत होता.

हा लेख अशा मुलांच्या घरच्यांसाठी आहे, लातूर, नांदेड, संभाजीनगरला होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आशाताईंसाठी आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींसाठीही आहे. तरुण माणसाच्या छातीत दुखलं की आपल्याकडे दोनच टोकं असतात. एक तर हार्ट ॲटॅकची भीती, आणि ईसीजी नॉर्मल आला की "काही नाही, गॅस आहे". या दोन टोकांच्या मध्ये जंतुसंसर्गाचे कितीतरी आजार असतात. त्यातले बरेचसे विरळ आहेत, पण वेळेत ओळखले तर बहुतेक पूर्ण बरे होतात. ओळखण्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. नीट विचारावं लागतं आणि शर्ट काढून बघावं लागतं.

पहिलं काम: थांबायला वेळ आहे का, ते बघा

जंतुसंसर्गाचा विचार नंतर. आधी जीव घेणाऱ्या गोष्टी बाजूला काढा. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, दरदरून घाम, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, हे पंचविशीतही हृदयविकाराचं असू शकतं, त्यातून तंबाखू-सिगारेट असेल तर जास्तच. उंच, सडपातळ मुलाला एकाएकी एका बाजूला कळ येऊन दम लागला तर फुप्फुस फुटून हवा बाहेर आलेली असू शकते. पायाला प्लास्टर असलेल्या किंवा नुकतीच बाळंतीण झालेल्या मुलीला असं झालं तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्या. रात्री पाणी द्यायला शेतात गेलेला माणूस घामाने चिंब, हातपाय गार आणि छाती भरून आलीय म्हणत आला तर विंचवाबद्दल विचाराच. जालना जिल्ह्यातून पुढे आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा केला, त्याने असे कितीतरी जीव वाचले आहेत.

मग आकडे घ्या. पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोजतोय हे रुग्णाला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. मिनिटाला २५ च्या वर श्वास, ऑक्सिजन ९४ च्या खाली, वरचं बीपी ९० च्या खाली, शांत पडून असताना नाडी १२० च्या वर, ओठ निळसर, बोलण्यात गुंगी, चक्कर येऊन पडणं, आडवं झोपताच न येणं: यातलं एकही असेल तर १०८ ला फोन करा. पुढचा लेख नंतर वाचा.

दुसरं काम: दुखण्याची तऱ्हा विचारा

"दुखतंय का?" एवढं विचारून काही कळत नाही. चार गोष्टी विचारा: श्वासाने वाढतं का, झोपल्याने वाढतं का, बोटाने दाबल्यावर वाढतं का, गिळताना वाढतं का.

खोल श्वास, खोकला, शिंक यांनी चमक निघत असेल तर फुप्फुसाच्या आवरणाचा विचार करा. न्यूमोनिया असतो, आणि आपल्याकडे क्षयरोग तर हमखास डोक्यात असायला हवा. तरुणांमध्ये या प्रकारच्या क्षयरोगाची सुरुवात कित्येकदा अचानक होते: कोरडा खोकला, ताप, एका बाजूला चमक. कफ पडत नाही, म्हणून कफाची तपासणी होत नाही. झाली तरी बहुधा निगेटिव्ह येते, आणि "टीबी नाही" असा शिक्का बसतो. इथे घोळ होतो. औषधं निघण्याआधीच्या काळात असं पाणी झालेल्या तरुणांवर नजर ठेवली गेली होती. पाणी बऱ्याच जणांचं आपोआप जिरलं, पण निम्म्याहून अधिक मुलांना पुढच्या पाच वर्षांत उघड क्षयरोग झाला. म्हणून पाणी जिरलं की विषय संपला, असं धरू नका.

उताणं झोपल्यावर दुखणं वाढतं आणि उठून पुढे वाकून बसल्यावर कमी होतं, हे हृदयाच्या आवरणाला सूज आल्याचं लक्षण आहे. मुलगा रात्री उशी पोटाशी धरून पुढे झुकून बसतो, आई म्हणते, "आडवाच होईना." कळ मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या उतारावर जाते. कारण बहुतेकदा विषाणू असतो, पण आवरणात पाणी बरंच साचलं असेल तर आपल्या देशात क्षयरोग आधी शोधावा लागतो. मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी खाली आणि हृदयाचे ठोके लांबून ऐकू येतायत असं वाटलं, तर पाणी हृदयाला दाबतंय. तासाभराचाही उशीर नको.

बोटाने दाबून नेमकी जागा दुखत असेल तर बहुधा स्नायू किंवा बरगडीचा सांधा असतो. बरेचदा ते खरंच साधं असतं आणि तिथे शेकाने, चोळण्याने, पाय लावून घेतल्यानेही बरं वाटतं. त्याला माझी हरकत नाही. पण जागेवर गाठ लागत असेल, ती गरम नसेल आणि महिना झाला तरी जात नसेल, तर बरगडीचा क्षयरोग असू शकतो. एक विषाणूही अगदी स्नायूच्या दुखण्यासारखं सोंग करतो. कॉक्सॅकी बी नावाचा हा विषाणू बरगडीच्या खालच्या भागात अचानक इतकी जोराची कळ आणतो की माणूस वाकून धरतो. कळ काही मिनिटं ते काही तास टिकते, थांबते, पुन्हा येते. सोबत ताप असतो. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावरून या आजाराला नाव मिळालं. एकाच घरातल्या किंवा होस्टेलच्या एकाच मजल्यावरच्या दोन-तीन जणांना त्याच आठवड्यात असं झालं तर शंका पक्की होते. काही दिवसांत आपोआप जातो. पण हाच विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सुजवू शकतो, म्हणून नाडी बघत राहायची.

गिळताना छातीच्या मधोमध दुखत असेल तर अन्ननलिका. तोंडात पांढरे चट्टे असतील आणि गिळताना आग होत असेल तर तो बुरशीचा संसर्ग. तरुण माणसात तो दिसला की एचआयव्ही आणि मधुमेह दोन्ही तपासायचे, आणि स्टेरॉइड चालू आहे का विचारायचं. इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, संसर्गाची नसली तरी. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणारी मुलं रात्री झोपताना घोटभर पाण्यात कॅप्सूल टाकतात आणि लगेच आडवी होतात. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दुसऱ्या दिवशी पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी येतं. ती गोळी ग्लासभर पाण्यासोबत, बसून घ्यावी, आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ नये.

आणखी एक जागा: उजवीकडे, अगदी खालच्या बरगड्यांत दुखणं आणि सोबत उजव्या खांद्यात ठणका. खांद्याला मार नाही, हलवताना दुखत नाही. हे दुखणं बरेचदा छातीतलं नसतंच, यकृतातलं असतं. अमिबामुळे यकृतात पू होतो, तो छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकतो आणि त्या पडद्याच्या नसेतून कळ खांद्याकडे जाते. दारू, शिंदी, ताडी पिणाऱ्या तरुण पुरुषांत हे जास्त दिसतं. गंमत अशी की त्या वेळी हगवण बहुधा नसते, कावीळही क्वचितच असते, शौचाची तपासणीही चांगली येते. बरगड्यांच्या मधल्या फटीत एका बोटाने दाबा, माणूस ओरडतो. सोनोग्राफीत पाच मिनिटांत दिसतं. वेळ गेला तर हा पू छातीत फुटतो, आणि डाव्या बाजूचा असेल तर हृदयाच्या आवरणातही.

तिसरं काम: मागच्या चार आठवड्यांचं कॅलेंडर काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त निदानं इथे होतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून विचारा, "पोळ्याच्या वेळेला तब्येत कशी होती? त्याच्या आधी काही झालं होतं?" तारखा आठवत नाहीत, सण आठवतात.

घसा दुखला होता का? हा प्रश्न चुकवू नका. क्वचित, पण धडधाकट तरुणांतच होणारा एक आजार आहे, लेमिएर सिंड्रोम. आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १९३६ मध्ये असे २० रुग्ण मांडले, त्यातले १८ दगावले होते. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. घटनाक्रम असा असतो: घसा दुखतो, टॉन्सिल सुजतात, चार दिवसांत जरा बरं वाटतं. आठवड्याच्या आत एकाएकी हुडहुडी भरून ताप येतो. मानेची एकच बाजू, जबड्याच्या कोपऱ्यापासून खाली, सुजते आणि हात लावू देत नाही. मग छातीत चमका, कधी दोन्ही बाजूंना, आणि दम. घशातला फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नावाचा जंतू मानेतल्या मोठ्या शिरेत शिरतो, तिथे गुठळी धरते, आणि तिचे पूभरले कण रक्तातून फुप्फुसात जाऊन पडतात.

होस्टेलच्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितोय. घसा दुखला की मेडिकलवरून तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन आणून घ्यायची सवय सगळीकडे झालीय. या जंतूवर त्या गोळीचा भरवसा नसतो. गोळ्या चालू आहेत म्हणून मुलगा निर्धास्त आणि जंतू आपलं काम करतोय. घसा दुखून गेल्यावर थंडी वाजून ताप आला आणि मान एका बाजूला सुजली, तर क्लासची टेस्ट असली तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे प्रतिजैविक द्यायच्या आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) घ्यावं लागतं आणि मानेचा-छातीचा सीटी लागतो. उपचार कित्येक आठवडे चालतो, पण मुलं वाचतात.

घशाच्या दुखण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे आळीपाळीने सुजले, आज गुडघा, परवा घोटा, आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, तर संधिवाताचा ताप. ५ ते १५ वयात जास्त. हा थेट संसर्ग नव्हे, संसर्गानंतरची शरीराची चुकीची लढाई. हृदयाच्या झडपा वाचवायच्या असतील तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

ताप येऊन गेला होता का? डेंग्यू, चिकनगुनिया, कोविड, साधा वाटलेला विषाणू, यातल्या कशानेही हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. छातीत दुखतं, धडधडतं, पायऱ्या चढवत नाहीत. सगळ्यात सोपी खूण अशी: ताप उतरला, तरी पडून असताना नाडी ११० च्या खाली येत नाही. अशा वेळी ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), तिन्ही हवेत.

भरतीच्या पोरांनो, इथे थोडं थांबा. "ताप घामाने निघून जातो" म्हणून तुम्ही ताप अंगात असताना १६०० मीटर मारता. सुजलेल्या हृदयाला पळवणं म्हणजे ठोका बिघडून मैदानातच कोसळण्याचा धोका. ताप आहे तोवर आणि गेल्यावर किमान आठवडाभर पळणं बंद. तपासणीत हृदयाच्या स्नायूला सूज निघालीच, तर साधारण तीन ते सहा महिने मैदान नाही, आणि परत जायचं ते डॉक्टरांनी पुन्हा तपासून हो म्हटल्यावरच. एक भरती गेली तर पुढची येते. घरच्यांनीही त्या काळात पोराला टोचून बोलू नये, त्याला आधीच फार लागलेलं असतं.

दाढ दुखत होती का? खालच्या दाढेचा पू मानेच्या आतल्या पदरांमधून थेट छातीच्या मधोमध उतरू शकतो. जबडा सुजणं, तोंड न उघडणं, लाळ गळणं, आणि मग छातीत दुखणं. गुटखा खाणाऱ्यांचं तोंड आधीच दोन बोटांपुरतं उघडत असतं, त्यामुळे "तोंड उघडत नाही" ही खूण कुणाच्या लक्षातच येत नाही. विचारायचं असं: "आठ दिवसांपूर्वी जेवढं उघडत होतं तेवढं उघडतंय का?"

गळू झालं होतं का, ते घरी दाबलं का? मांडीवरच्या, काखेतल्या गळवाचा पू पिळून काढला आणि चार दिवसांनी हुडहुडी, ताप आणि छातीत दोन्ही बाजूंना चमका सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू रक्तात गेलाय. मोठ्या दवाखान्याचं काम.

कामाचं आणि जनावरांचंही विचारा. मेंढरं आणि राखणीचे कुत्रे यांच्यासोबत वाढलेल्या मुलामुलींमध्ये फुप्फुसात पाण्याची गोल गाठ सापडते. कुत्र्याच्या आतड्यातल्या बारीक फीतकृमीची अंडी हातातून, भाजीतून पोटात जातात आणि वर्षानुवर्षं गाठ हळूहळू वाढते. गाठ फुटेपर्यंत काही जाणवतही नाही. फुटली की अचानक खोकला, तोंडाला खारट पाणी, कधी द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे, अंगावर गांधी. म्हणून एक्स-रेमध्ये गुळगुळीत गोल सावली दिसली तर ती हायडॅटिड, म्हणजे हीच कृमीची गाठ, नाही हे कळेपर्यंत सुई घालायची नाही. आतलं पाणी सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. आणि बोकड-मेंढरू कापल्यावर त्याचं काळीज-फुप्फुस कच्चं कुत्र्यापुढे टाकू नका. हे चक्र तिथूनच चालतं.

ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातल्या मुलांना दोन प्रश्न जास्तीचे: कोपीत (फडावरच्या झोपडीत) कुणाला जुना खोकला होता का, आणि मधल्या काळात कुठे क्षयरोगाचं औषध चालू करून सोडलं का? बीडच्या बाजूला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथं काम: शर्ट काढून बघा

छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला सदऱ्यावरूनच स्टेथोस्कोप लावून पाठवलेलं मी खूप पाहिलंय. मुलींच्या बाबतीत तर हे नेहमीचंच. संकोचामुळे कुणी बघत नाही आणि निदान राहून जातं. नर्सताईला किंवा मुलीच्या आईला सोबत ठेवा, पडदा ओढा, सांगून-विचारून तपासा, पण तपासा.

पाठीपासून छातीपर्यंत एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग, कपडा टेकला तरी झोंबणं: ही नागीण असू शकते. पुरळ यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतंच दुखतं, म्हणून आज काही दिसलं नाही तर परवा परत बघा. नागिणीने तोंडाला शेपूट मिळवली की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे अजून घट्ट आहे. कांजिण्यांचा जुना विषाणू एका नसेच्या वाटेने जागा होतो आणि ती नस शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, त्यामुळे विळखा सहसा पूर्ण होतच नाही. उतरवून घेण्यात दिवस घालवू नका, कारण विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर खरा उपयोग होतो. तरुण वयात नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत आणि गुप्त असते.

काख, कंबरेचा पट्टा, जांघ, छातीखालची घडी, इथे सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपला शोधा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगतच नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात, झुडपांत काम केलेल्या माणसाला ताप, डोकेदुखी आणि असा खपला असेल तर स्क्रब टायफस. हाही हृदयाला आणि फुप्फुसाला धरतो. डॉक्सिसायक्लिन वेळेत दिलं तर दोन-तीन दिवसांत ताप खाली येतो.

मग पाठ. मणक्यावर वरून खाली मुठीने हलकेच ठोका. एका मणक्यावर ठोकल्यावर माणूस दचकला, आणि दुखणं पाठीतून दोन्ही बाजूंनी छातीभोवती आवळल्यासारखं येत असेल, तर मणक्याचा क्षयरोग शोधा. ही मुलं महिनोन्‌महिने छातीच्या दुखण्याच्या गोळ्या खातात आणि एक दिवस पायातली ताकद जाते.

पाचवं काम: कोणती तपासणी आधी

ईसीजी हवाच, पण तो पहिला प्रश्न सोडवतो, सगळे नाही. ताप आणि छातीत दुखणं दोन्ही असलेल्या तरुणाचा एक्स-रे झालाच पाहिजे. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. पाणी थोडं असेल तर एक्स-रेमध्ये चुकतं, सोनोग्राफीत सापडतं, आणि त्याच वेळी यकृतही बघून होतं. नाडी जास्त असेल किंवा झोपल्यावर दुखत असेल तर ट्रोपोनिन आणि इको. छातीतलं पाणी काढलं तर ते नुसतं फेकू नका. पेशी, प्रथिनं, एडीए (क्षयरोगात वाढणारं एक एन्झाइम), सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी), सगळं एकाच वेळी पाठवा. क्षयरोगात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त असतात आणि एडीए साधारण ४० च्या वर असतो. पाण्याची सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून क्षयरोग नाही, असं म्हणता येत नाही.

तालुक्याला यातलं बरंच होतं. पुढच्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेडचं विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय, लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय आहेच. क्षयरोग निघाला तर औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, त्यासाठी नाव नोंदवलंय का ते विचारा. बहुतेकांची औषधं सहा महिने चालतात. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, आणि औषध सोडण्याचा मोहही तेव्हाच होतो.

काय करू नका

निदान होण्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. गावाकडे अंगदुखीच्या नावाखाली जे "ताकदीचं" इंजेक्शन मिळतं, त्यात बहुधा तेच असतं. ताप उतरतो, भूक लागते, दुखणं पळतं, आणि आत क्षयरोग मोकाट सुटतो. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्याही न विचारता घेऊ नका. त्यांनी क्षयरोग काही दिवस झाकला जातो आणि निदान पुढे ढकललं जातं. ताप आणि चमक एकत्र असताना चोळून घेण्यात, पाय लावण्यात तीन दिवसांपेक्षा जास्त घालवू नका.

डॉक्टर मित्रांनो, पुढे पाठवताना "चेस्ट पेन, रेफर्ड" एवढं लिहून मोकळे होऊ नका. चार ओळी पुरतात: दुखणं कधीपासून आणि कशाने वाढतं, त्याआधी काय झालं होतं, आत्ताची नाडी-श्वास-ऑक्सिजन-बीपी, आणि आजवर कोणती औषधं दिली. रात्री दोनला घाटीच्या कॅज्युअल्टीत बसलेल्या निवासी डॉक्टरला या चार ओळींतून "घसा, मग हुडहुडी, मग चमक" हा क्रम दिसला तर तो मानेला हात लावेल.

आणि घरच्यांसाठी: निघताना जुने एक्स-रे, ईसीजीच्या पट्ट्या, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा एका पिशवीत भरून आणा. "पांढरी गोळी होती, सकाळ-संध्याकाळ" यावरून आम्हाला काही कळत नाही. पाकिटावरून कळतं.